वैशाखातली लागवड

शाहीन पडली तेव्हा टँकरचा पाइप तिच्याच हातात होता आणि पाणी चालू होतं. तिने आवाज केला नाही. सप्तपर्णीच्या आळ्याशेजारी आधी गुडघ्यांवर बसली आणि मग एका अंगावर कलंडली. पाइप सुटला, आळ्याची कड फुटली, पाणी खडीवरून धावायला लागलं. मी आधी पाइप उचलला. झालं तसं लिहायचं तर हे लिहावंच लागेल. नवं लावलेलं झाड आहे, आळं फुटलं तर मुळाची माती उघडी पडेल, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं. पाइप पुढच्या आळ्यात टाकून वळले, तर माझी नात रेणू तिचे गाल थापटत होती आणि म्हणत होती, "शाहीन, ऊठ ना. सगळे बघून राह्यले."

सगळे बघतच होते. कारखान्याच्या शेडमधले कामगार दारात आले होते, वॉचमन स्टूल सोडून उभा राहिला होता. आमच्यासोबत कामाला असलेली सुमन हातातलं घमेलं तसंच धरून थांबली होती. मी शाहीनच्या कपाळाला हात लावला. कपाळ भाजत होतं आणि कोरडं ठणठणीत होतं. वैशाखातल्या भर दुपारी, सकाळपासून उन्हात असलेल्या पोरीच्या अंगावर घामाचा एक थेंब नव्हता.

त्याला आता तीन उन्हाळे झाले. वैशाख आला की सगळं जसंच्या तसं असतं. आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या गल्लीत सकाळी नवालाच पत्रे तडतडायला लागतात. समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत असतात. टँकरचा हॉर्न वाजला की बायका पोळी तव्यावर सोडून हंडे घेऊन पळतात. सरबतवाल्याच्या गाडीवर बर्फ किसल्याचा आवाज येतो. हा आवाज मला पूर्वी आवडायचा. आता आवडत नाही, पण म्हणून मी खिडकी लावून घेत नाही. खिडकी लावली तर घरात बसवत नाही.

गावाबाहेर या दिवसांत मोसंबीच्या बागा ताणावर सोडलेल्या असतात. पावसाळ्याच्या तोंडाशी फूल हवं असेल तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पान पिवळं पडतं, गळायला लागतं. मग पाणी सोडलं की ते मरायच्या भीतीने फुलतं. याला ताण देणं म्हणतात. यातली सगळी अक्कल कुठे थांबायचं याची आहे. लवकर पाणी दिलं तर फूल येत नाही, उशीर झाला तर फांद्या वाळून जातात. बागायतदार मला बागेत नेऊन विचारायचे, "मावशी, बसला का ताण?" मी चार झाडांची पानं दुमडून बघायचे आणि सांगायचे, आणखी चार दिवस थांबा, नाहीतर आजच्या आज पाणी सोडा. माझं कधी चुकलं नाही. चौथी शिकलेल्या बाईला पदवीवाले विचारायला यायचे, याचा मला गर्व होता. होता म्हणूनच सांगते.

माझं माहेर धावड्याचं. लग्न होऊन जालन्यात आले आणि मोसंबीच्या रोपवाटिकेत डोळे भरायला लागले. जंगली खुंटाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या झाडाचा एक डोळा काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर कलम लागलं. हे मी चाळीस वर्षं केलं. अंगठ्याला सुरीच्या पात्याची घडी पडली आहे, ती आता जात नाही.

त्या रोपवाटिकेत बायकांना आडोसा नव्हता. मोसंबीची रोपं गुडघ्याएवढी, त्यांच्याआड कोण बसणार? म्हणून आम्ही पाणीच पीत नव्हतो. घरून निघताना एक तांब्या, जेवताना दोन घोट. बाकी वेळ चूळ भरून थुंकायची आणि तोंड ओलं राहावं म्हणून चिंचोका चघळायचा. कोणी शिकवलं नव्हतं. एकीचं बघून दुसरी करायची. लघवीला जळजळ व्हायची, ओटीपोट दुखायचं, ते बायकांचं असतंच म्हणून सोडून द्यायचो. संध्याकाळी घरी आल्यावर आधी मोरीत पळायचं आणि मग माठाकडे. जालन्यात कष्ट करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती हेच सांगेल.

रेणू माझ्या मोठ्या मुलाची मुलगी. शाहीन तिच्या वर्गातली, घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. बाप नव्हता, अम्मी घरी शिलाई करायची. दोघींनी उद्यानविद्येची पदवी घेतली. वर्गातले बाकीचे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसले, कोणी खतं-औषधं विकायला लागले, एक जण विमा विकतो. या दोघींनी ठरवलं की लोकांना बागा लावून द्यायच्या. कार्ड छापलं, त्यावर हिरवं पान काढलं.

माझा मुलगा कार्ड बघून म्हणाला, "चार वर्ष शिकून खुरपंच धरायचं व्हतं, तर आजीबरोबरच पाठवलं असतं की."

"बाबा, खुरपं न्हाई. डिझाइन करून देणार आम्ही," रेणू म्हणाली.

"मंग डिझाइनला माती लागत न्हाई का?"

"लागते ना काका," शाहीन म्हणाली. "म्हणून तर दादीला पार्टनर घेऊन राह्यलो."

ती मला दादी म्हणायची. कॉलेजात प्रॅक्टिकलला त्यांना थोडे डोळे भरायला दिले होते. मार्क मिळाले, डोळे फुटले का ते बघायला कोणी गेलं नाही. शाहीन माझ्याकडे येऊन पुन्हा शिकली. तिचे पहिले सगळे डोळे काळे पडून मेले. "दादी, माझ्या हाताला नजर लागलीय का कुणाची?" तिने विचारलं. "हाताला न्हाई, तुझ्या सुरीला गंज लागलाय," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती नवी सुरी घेऊन आली. रेणूचं चित्र चांगलं होतं, कागदावर ती सुंदर बाग काढायची. पण झाडाची जाण शाहीनला होती. तिला झाड तहानलेलं आहे हे लांबून कळायचं.

पहिलं वर्ष असंच गेलं. एका डॉक्टरच्या गच्चीवर कुंड्या मांडून दिल्या. एका बंगल्यातल्या बाईंना हिरवं पाहिजे होतं, पण पान गळायला नको होतं, माती नको होती, डास नको होते. त्यांना प्लॅस्टिकचं गवत बसवून दिलं. शाहीन ओणवी होऊन गोंद लावत होती आणि म्हणत होती, "दादी, चार साल झाडं शिकले आणि आता चटई चिकटवून राह्यले." हसत म्हणत होती. त्या वयात हसू येतं.

मग एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या कारखान्याचं बोलावणं आलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. उठून खुर्ची देणारा होता. म्हणाला, महिनाअखेरीला बाहेरचे पाहुणे येणार आहेत, गेटापासून ऑफिसापर्यंत दोन्ही अंगांनी झाडं दिसली पाहिजेत. रोपं नकोत, उंच झाडं.

"सर, आता लावली तर जगायची न्हाईत," रेणू म्हणाली. "जुलैत लावू."

"पाहुणे जुलैत येत नाहीत, ताई. तुम्हाला डिग्री बघून बोलावलं."

"डिग्री आहे म्हणूनच सांगून राह्यलो, सर," शाहीन म्हणाली.

तो हसला. म्हणाला, नसेल जमत तर नाही म्हणा, मला राग नाही, दुसरे आहेत.

घरी येऊन दोघींचं भांडण झालं. शाहीन म्हणत होती, मरणारी झाडं लावायची आणि बोर्डावर आपलं नाव टाकायचं, हे बिलकुल नको. रेणू म्हणत होती, हे सोडलं तर पुन्हा गच्चीवरच्या कुंड्या. शेवटी दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पहिलं मोठं काम सोडू नका. झाडाचं मी बघते. काही मरतील, ती पावसाळ्यात बदलून देऊ." म्हणजे हो मी म्हटलं. रेणू आजही म्हणते, आजी, हो मीच म्हटलं होतं. ते खोटं आहे. मी तिला तसं म्हणू देत नाही.

ट्रकमधून झाडं आली. सप्तपर्णी आणि बॉटल पाम, माणसापेक्षा दुप्पट उंच, आणि बुडाला मातीचा गड्डा केवढा, तर घागरीएवढा. काढताना मुळं कुऱ्हाडीने तोडलेली होती. एवढ्या मुळांवर एवढं झाड कसं जगणार? त्यात जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली भट्टीतली मळी, लोखंड वितळवून उरणारा दगडासारखा कचरा. टिकाव मारला की ठिणगी उडायची. शेडमधून गरम हवा यायची, ती उन्हाहून वेगळी कळायची. पानांवर सकाळी हात फिरवला तर बोटं काळी होत. आम्ही जे करता येतं ते सगळं केलं. निम्मी पानं छाटली, बुंध्यांना गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवलं, मळी काढून शेणखत आणि काळी माती भरली. उन्हाच्या अंगाला बांबू रोवून हिरवी जाळी बांधली. झाडांना सावली केली. मला म्हातारी म्हणून त्या जाळीखाली बसवायच्या. बसवणारी शाहीन. "दादी, तुम्ही फक्त ऑर्डर द्या." पाइप ती कोणाला देत नव्हती. कोणत्या आळ्यात किती पाणी हे तिलाच नीट कळायचं.

आवारात बायकांसाठी संडास नव्हता. ऑफिसात एक होता, साहेब लोकांचा, त्याची चावी वॉचमनकडे. पहिल्या दिवशी शाहीनने जाऊन चावी मागितली. वॉचमनने पूर्ण आवार ओलांडून आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "म्याडमला जायचंय रे, मोकळा कर जल्दी!" शेडमधून कोणीतरी शिट्टी वाजवली, सगळे हसले. ती परत आली ती कानापर्यंत लाल होऊन. पुन्हा तिने चावी मागितली नाही. रेणूनेही नाही.

तेव्हा मी दोघींना आमची रीत सांगितली. निघताना एक तांब्या, जेवताना दोन घोट, चूळ भरायची, चिंचोका चघळायचा. "आमचं आयुष्य गेलं असं, काही होत न्हाई," मी म्हटलं. घरून मूठभर चिंचोके नेऊन दिले.

"दादी, गिळला तर पोटात चिंच उगेल," शाहीन म्हणाली.

"उगू दे. तेवढीच जगेल तुमच्या हातची," सुमन म्हणाली. सुमन पंधरा वर्षांपासून मजुरीला जाणारी, तिला रीत सांगायची गरज नव्हती.

मी स्वतः ती पाळत नव्हते, हेही लिहिते. मला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरने पाणी प्यायला सांगितलं आहे. मी प्यायचे आणि भिंतीमागे जाऊन बसायचे. म्हातारीला कोण बघतं. पोरींना बघतात. म्हणून रीत पोरींना दिली.

शाहीनची अम्मी रोज मोठी बाटली भरून द्यायची, लिंबू पिळून, मीठ-साखर घालून, वरून ओलं फडकं बांधून. संध्याकाळी बाटली भरलेली घरी नेली तर अम्मी रागावेल, म्हणून शाहीन निघताना ती सप्तपर्णीच्या बुडाशी ओतायची. मी एकदा म्हटलं, मीठ घातलेलं पाणी झाडाला कशाला? तर दुसऱ्या दिवसापासून अम्मीला सांगितलं म्हणे, मीठ नको, साधंच दे. म्हणजे झाडाला चालेल असं. मला ते ऐकून तिचं कौतुक वाटलं.

पडली त्या सकाळी ती नेहमीपेक्षा कमी बोलत होती. डोकं दुखतं म्हणाली. रेणू म्हणाली, घरी जा, तर म्हणाली, टँकर आलाय, एवढं झाल्यावर जाते. जेवायच्या सुट्टीत तिने डबा उघडला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आमच्या तिघींच्या अंगाला कपडे चिकटले होते, हिचा ओढणीखालचा गळा कोरडा. मी सुमनला म्हटलं, "बघ, पोरगी सरावली उन्हाला. आता घामसुद्धा येईना तिला."

हे मी म्हटलं. पानाची घडी घालून ताण ओळखणारी मी.

दवाखान्यात कारखान्याच्या गाडीने नेलं. मॅनेजर स्वतः पुढे बसला होता, वाटेत दोनदा पाण्याची बाटली मागे दिली. पण तिचे दात आवळलेले होते. डॉक्टर तरुण होते, तिच्या अंगावर बर्फ घालायला लावून ते आमच्याकडे आले. त्यांनी विचारलं, सकाळपासून लघवीला कधी गेली होती? रेणू म्हणाली, घरून निघताना. आणि पाणी किती प्याली? रेणूने माझ्याकडे बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी सांगितलं, दोन घोट. ते म्हणाले, आजी, दोन ग्लास का? मी म्हटलं, नाही, घोट.

बाहेर बाकावर अम्मी येऊन बसली. बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच होतं, मशीन सोडून आली होती. ती मला म्हणाली, "बोतल तो रोज खाली आती थी, दादी. पीती थी ना?"

रेणूने माझा हात दाबला. मी हात सोडवला आणि सांगितलं. की ती झाडाला ओतायची. की कमी पी असं मीच सांगितलं होतं. का सांगितलं होतं तेही.

अम्मीने बोटातलं अंगुस्तान काढून मुठीत धरलं. तिने संडासाबद्दल काही विचारलं नाही, ते तिला समजत होतं. मग म्हणाली, "वो झाड तो बचेगा ना?"

मी म्हटलं, "न्हाई."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. गल्लीत दिसते, मी बाजूला होते, ती जाते. बरोबर आहे तिचं.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. झाडं तोवर हिरवी दिसत होती, उरलेली पानं ताठ होती. तोडलेल्या झाडात थोडं पाणी राहिलेलं असतं, त्यावर ते काही दिवस काढतं. बघणाऱ्याला वाटतं जगलं. मृगापर्यंत सगळी वाळली. आता तिथे सिमेंटच्या कुंड्या आहेत आणि प्लॅस्टिकचं गवत आहे. ते जगवावं लागत नाही.

रेणूने कार्डं चुलीत घातली. ती आता बियाण्याच्या कारखान्यात पट्ट्यावरून येणारं बी निवडते, तुटकं वेगळं, सबंध वेगळं. पदवीचं तिथे काही काम नाही. बाप म्हणतो, एवढं शिकून हेच का? ती डबा घेऊन कामाला निघते. तिथे बायकांसाठी संडास आहे, दोन आहेत, त्यांना कडी आहे. तिने नोकरी घेताना एवढंच बघितलं. झाडाचं नाव काढलं की ती उठून जाते. मी गॅलरीत तुळस लावली होती, तिला पाणी घालताना मी रेणूला कधी पाहिलं नाही.

मागच्या आठवड्यात तिला कॉलेजातल्या एका मुलीचा फोन आला. यंदा पास झालेली, मैत्रिणीबरोबर बागांचं काम सुरू केलेली. रेणूने फोन मोठ्या आवाजावर ठेवून दळण निवडायला घेतलं होतं, म्हणून मला ऐकू आलं. ती मुलगी विचारत होती, "ताई, कारखान्याचं काम आलंय, आत्ताच मोठी झाडं लावा म्हणून राह्यले. काय करू?"

रेणूने गड्ड्याचं विचारलं नाही, मातीचं विचारलं नाही. म्हणाली, "तिथं बायकांसाठी संडास आहे का?"

ती मुलगी हसली. "ते कसं विचारायचं, ताई? पहिलंच काम आहे."

"विचार."

"बरं, बघते," मुलगी म्हणाली. आवाजावरून कळत होतं की ती विचारणार नाही. मग सावलीची जाळी कुठे स्वस्त मिळते ते विचारलं आणि फोन ठेवला. रेणू खडे निवडत राहिली. मी तिला काही म्हटलं नाही. माझं सांगणं एकदा सांगून झालं आहे.

त्या आवारात त्या दुपारी आम्ही चौघी बायका कामाला होतो. शाहीन तिसऱ्या दिवशी सकाळी वारली, तेवीस वर्षांची होती. सुमन जगली, रेणू जगली, आणि एकाहत्तर वर्षांची मी जगले.